बाग ताणावर होती की डिंक्या लागला होता?

वरूड तालुक्यातल्या आमच्या गावात कृषी पंपांना वीज बरेचदा रात्रीच मिळते. त्यामुळे संत्र्याच्या बागेचे ओलीत करायला माझा पुतण्या रात्री दहाच्या सुमारास घरून निघतो, आणि इंग्लंडमधले फुटबॉलचे सामनेही आपल्याकडे त्याच वेळी रंगात येत असल्यामुळे एका हातात फावडे आणि दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन दोन्ही कामे उरकतो. तो लंडनच्या आर्सेनल या क्लबचा चाहता आहे. या क्लबचे मॅनेजर आर्सेन वेंगर १९९६ च्या ऑक्टोबरपासून २०१८ च्या मेपर्यंत, म्हणजे तब्बल २२ हंगाम, एकाच खुर्चीवर होते, आणि त्यांतल्या २००५ ते २०१४ या नऊ वर्षांत क्लबला एकही मोठा चषक मिळाला नाही. अशा माणसावर लोकांनी इतकी वर्षे भरवसा कसा ठेवला, असे मी एकदा पुतण्याला विचारले, तेव्हा त्याने बांधावरूनच उत्तर दिले, “काका, बाग ताणावर होती नं.”

ज्यांच्याकडे संत्रा नाही त्यांना हे उत्तर कळणार नाही, म्हणून आधी तेवढे सांगतो. संत्र्याच्या झाडाला सतत पाणी मिळत राहिले तर ते पालवी धरते, वाढत राहते, पण एकदम मनाजोगे फुलत नाही. म्हणून आंबिया बहार घ्यायचा असेल तर पावसाळा सरल्यावर पाणी तोडतात. हलक्या जमिनीत साधारण महिनाभर, भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिने झाड तहानलेले ठेवतात. पाने मलूल होतात, काही गळतात, आणि रस्त्याने जाणाऱ्या परक्या माणसाला वाटते की या शेतकऱ्याची बाग गेली. ताण नीट बसला की मग खत आणि पाणी द्यायचे, आणि झाड फुलांनी लदबदते. मालक त्या दोन महिन्यांत निवांत झोपतो, कारण झाड का सुकले आहे ते त्याला ठाऊक असते. पुतण्याचे म्हणणे असे की वेंगरांच्या चाहत्यांनाही क्लब का सुकला आहे ते ठाऊक होते. हे उत्तर बरेचसे खरे आहे. मात्र पूर्ण खरे नाही, आणि ते कुठे कमी पडते हे पाहिल्याशिवाय हा सगळा प्रकार उलगडत नाही.

इंग्लंडमध्ये मॅनेजर म्हणजे केवळ प्रशिक्षक नव्हे, विशेषतः वेंगर ज्या जुन्या पद्धतीचे मॅनेजर होते त्या पद्धतीत. कोणता खेळाडू घ्यायचा, कोणता विकायचा, त्यासाठी किती मोजायचे, सराव कसा घ्यायचा, खेळाडूंनी काय खायचे, शनिवारी मैदानावर कोण उतरणार, या सगळ्यावर त्यांचाच शब्द चाले. आपल्याकडे जमीन एकाची आणि कारभार दुसऱ्याचा असतो, तसे ते होते. मालक पैसा पुरवतो, पण बी कोणते पेरायचे ते कारभारी ठरवतो. एरवी या धंद्यात मॅनेजरची गत सालदारासारखी असते. या पाडव्याला ठेवला, पुढच्या पाडव्याला राहील याची खात्री नाही, आणि पाच-सहा सामने ओळीने हरले तर पाडव्याचीही वाट पाहत नाहीत. अशा व्यवहारात २२ हंगाम टिकणे हीच मोठी नवलाची गोष्ट आहे.

ते आले तेव्हा त्यांना कोणी ओळखतही नव्हते. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गचे, अर्थशास्त्राचे पदवीधर, चष्मा लावणारे, आणि इंग्लंडला येण्यापूर्वी जपानमधल्या नागोया ग्रॅम्पस एट या संघाचे मॅनेजर. लंडनच्या एका वर्तमानपत्राने तर ‘आर्सेन कोण?’ अशा अर्थाचा मथळा छापला. आर्सेनल तेव्हा रटाळ खेळासाठी प्रसिद्ध होता. एक गोल करायचा आणि उरलेला वेळ तो राखत बसायचे, ही त्यांची रीत होती. वेंगरांनी खेळाडूंचा आहार बदलला, चॉकलेट आणि दारू यांवर लगाम आणला, सरावाचा प्रत्येक भाग घड्याळ लावून घेतला, आणि चेंडू जमिनीवरून वेगाने फिरवणारा देखणा खेळ उभा केला. १९९८ मध्ये त्यांनी प्रीमियर लीग आणि एफए कप दोन्ही एकाच हंगामात जिंकले. लीग म्हणजे २० संघांनी प्रत्येकी ३८ सामने खेळून गुणांवर ठरणारे अजिंक्यपद, तर एफए कप म्हणजे हरला तो बाहेर अशी स्पर्धा. २००२ मध्ये पुन्हा दोन्ही मिळाले. २००३-०४ मध्ये लीगच्या ३८ सामन्यांपैकी २६ जिंकले, १२ बरोबरीत सोडवले आणि एकही हरले नाहीत. त्याआधी इंग्लंडच्या वरच्या लीगमध्ये असे १८८८-८९ मध्ये प्रेस्टन या संघाने केले होते, आणि तेव्हा हंगामात सामनेच २२ असत.

पण माझ्या मते भरवशाचे मूळ चषकांत नाही. चषक तर पुष्कळांनी जिंकले आणि दोन वर्षांत लोक त्यांना विसरले. १९९९ च्या फेब्रुवारीत एफए कपमध्ये शेफिल्ड युनायटेडविरुद्ध सामना चालू होता. शेफिल्डचा एक खेळाडू जखमी झाला म्हणून त्यांनी चेंडू मुद्दाम बाहेर मारला. अशा वेळी चेंडू शिष्टाचार म्हणून प्रतिस्पर्ध्याला परत देतात. आर्सेनलने तो त्यांच्याकडे परत फेकलाही, पण क्लबसाठी पहिलाच सामना खेळणाऱ्या कानूला प्रकार लक्षात आला नाही. त्याने चेंडू पळवून पुढे दिला आणि ओव्हरमार्सने गोल केला. नियमात गोल वैध होता आणि आर्सेनल त्याच गोलाने २-१ असा जिंकला. वेंगरांनी सामना संपताच तो पुन्हा खेळण्याची तयारी दाखवली. सामना पुन्हा झाला, आणि आर्सेनलच २-१ जिंकला, ही गंमत वेगळी. ज्या माणसाने हातात आलेला विजय परत टेबलावर ठेवला, तो आपल्याला फसवणार नाही, अशी खूणगाठ चाहत्यांनी त्या दिवशी बांधली असणार. पुढे हेच वेंगर आपल्या खेळाडूने आडदांडपणा केला की ‘मला ते दिसले नाही’ असे इतक्यांदा म्हणू लागले की त्याचा विनोद झाला. तेव्हा साधुपुरुष वगैरे ते नव्हते, हेही नोंदवून ठेवतो.

दुसरे मूळ व्यवहारात आहे, आणि ते आपल्या भागातल्या कोणालाही चटकन कळेल. वेंगरांनी निकोला अनेल्का हा कोवळा पोरगा १९९७ मध्ये सुमारे ५ लाख पौंडांना घेतला आणि दोन वर्षांनी रेआल माद्रिदला २ कोटी २० लाखांच्या वर विकला. त्याच महिन्यात त्यातल्या जवळपास निम्म्या पैशांत थिएरी ऑन्री आणला, जो पुढे २२८ गोल करून क्लबच्या इतिहासातला सर्वांत मोठा गोलवीर ठरला. उरलेल्या पैशांतून नवे सराव केंद्र उभारायला हातभार लागला. रोप ओळखणारी नजर, विकण्याची वेळ आणि आलेला पैसा शेतातच परत घालण्याची सवय, हे तिन्ही एकाच माणसात दिसले की घरचे लोक त्याच्या हिशेबात बोट घालत नाहीत.

आता ताणाची गोष्ट. क्लबच्या हायबरी या जुन्या मैदानात सुमारे ३८ हजार लोक मावत. मँचेस्टर युनायटेडच्या मैदानात त्याच्या जवळपास दुप्पट प्रेक्षक बसत, म्हणजे दर सामन्याला आर्सेनलचे उत्पन्न कमी पडत होते. म्हणून सुमारे ३९ कोटी पौंड खर्चून ६० हजारांचे एमिरेट्स स्टेडियम बांधायचे ठरले आणि त्यासाठी २६ कोटी पौंडांचे कर्ज काढले गेले. संघ २००६ मध्ये नव्या मैदानात गेला. वेंगरांनी नंतर सांगितले की कर्ज देणाऱ्या बँकांनी त्यांनी पाच वर्षांच्या करारावर सही करावी अशी मागणी केली होती. पीककर्जासाठी सातबारा घेऊन बँकेच्या पायऱ्या झिजवलेल्या माणसाला याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको: बँकेने विटा-सिमेंटइतकेच या माणसाच्या तिथे असण्याला तारण मानले होते. चाहत्यांचा भरवसा ही केवळ भावना असती, तर कर्ज देणाऱ्यांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नसते.

दुर्दैव असे की याच काळात शेजारच्या शेतांत भलतेच पाणी आले. २००३ मध्ये रशियन धनाढ्य रोमन अब्रामोविच यांनी चेल्सी विकत घेतला आणि त्या संघाने २००५ व २००६ मध्ये लीग जिंकली. २००८ मध्ये अबुधाबीच्या मालकांनी मँचेस्टर सिटी घेतला. आर्सेनल कर्जाचे हप्ते फेडत होता आणि प्रतिस्पर्धी हवा तो खेळाडू हव्या त्या किमतीला उचलत होते. ऑन्री २००७ मध्ये बार्सिलोनाला गेला. २०११ च्या ऑगस्टमध्ये कर्णधार फॅब्रेगास बार्सिलोनाला आणि नासरी मँचेस्टर सिटीला गेला, आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला आर्सेनल मँचेस्टर युनायटेडकडून ८-२ असा हरला. हा सामना पाहायला मँचेस्टरपर्यंत गेलेल्या चाहत्यांना क्लबने भरपाई म्हणून बाहेरगावच्या पुढच्या एका सामन्याचे तिकीट देऊ केले. पुढच्या वर्षी कर्णधार व्हॅन पर्सी थेट मँचेस्टर युनायटेडलाच विकला गेला आणि त्याने २६ गोल करून त्यांना लीग जिंकून दिली. घरचा बैल बाजारात विकावा आणि त्याच बैलाने पुढच्या शंकरपटात आपल्याला हरवावे, असे ते दुःख होते.

तरीही भरवसा टिकला, आणि त्याचे कारण या सगळ्या पडझडीत एक गोष्ट ढळली नाही हे होते. लीगमधल्या वरच्या चार संघांना युरोपची मानाची चॅम्पियन्स लीग खेळायला मिळते आणि त्यातून भरघोस पैसा येतो. १९९६-९७ पासून २०१५-१६ पर्यंत सलग २० हंगाम वेंगरांचा संघ पहिल्या चारांत राहिला. ८-२ च्या हंगामातही तो अखेरीस तिसरा आला. चौथा क्रमांक हाही आपल्यासाठी चषकच आहे, असे वेंगर म्हणत तेव्हा विरोधक फिदीफिदी हसत, पण ज्याच्या डोक्यावर हप्ता आहे त्याला त्या वाक्यातला हिशेब कळत होता. विक्रमी पीक आले नाही तरी हप्ता चुकला नाही आणि शेत विकावे लागले नाही, असे ते वर्ष होते, आणि अशी वर्षे काढणाऱ्या कारभाऱ्याला आपल्याकडेही लोक सहसा काढत नाहीत.

शिवाय त्यांनी क्लबच्या अडचणीचे रडगाणे कधी गायले नाही. खेळाडूंना चारचौघांत दोष दिला नाही, मालकांकडेही बोट दाखवले नाही. घरावर कर्ज असताना लेकरांना ते कळू न देणाऱ्या बापासारखे ते वागले. त्याचा परिणाम असा झाला की चाहत्यांचा राग वाटला गेला. निम्मा वेंगरांवर आणि निम्मा २०११ मध्ये क्लबवर ताबा मिळवलेल्या अमेरिकी मालकावर, स्टॅन क्रोन्के यांच्यावर. वेंगरांना पाठिंबा देणाऱ्यांचे म्हणणे असे की, हा माणूस गेला तर चुलीवर फक्त हिशेबाची वही उरेल.

भीतीचाही वाटा होता, तो नाकारण्यात अर्थ नाही. २०१३ मध्ये मँचेस्टर युनायटेडचे ॲलेक्स फर्ग्युसन २६ वर्षांनंतर निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या डेव्हिड मॉईस यांना सहा वर्षांचा करार दिला होता, आणि दहा महिन्यांत काढावे लागले. गतवर्षीचा विजेता संघ सातवा आला. आर्सेनलच्या चाहत्यांनी हे शेजारच्या घरात घडताना पाहिले. फर्ग्युसन यांचीच दुसरी गोष्टही त्यांना पाठ होती: १९८९ च्या डिसेंबरमध्ये, तीन वर्षे काहीच न जिंकल्यामुळे, मैदानात त्यांना निरोप देणारा फलक लागला होता, त्यांना तेव्हा काढले असते तर पुढची १३ लीग अजिंक्यपदे आली नसती. या दोन गोष्टी एकत्र केल्या की थांबण्याचा युक्तिवाद पक्का होतो, आणि तो खोडून काढणे फार अवघड असते, कारण थांबल्याने नुकसान झाले हे थांबून संपल्यावरच कळते.

इथे पुतण्याचे उत्तर अपुरे पडते. ताणाला मुदत असते. २०१३ मध्ये मेसुट ओझिलसाठी क्लबने सव्वाचार कोटी पौंड मोजले, पुढच्या वर्षी अलेक्सिस सांचेझ आला; म्हणजे पाणी सुटले होते. बहारही आल्यासारखा दिसला. २०१४ च्या मेमध्ये एफए कपच्या अंतिम सामन्यात हल सिटीविरुद्ध पहिल्या काही मिनिटांतच ०-२ असे मागे पडूनही आर्सेनल ३-२ असा जिंकला, आणि २०१५ व २०१७ मध्येही तोच कप पुन्हा आला. परंतु लीग आली नाही, आणि चॅम्पियन्स लीगमध्ये सलग सात हंगाम संघ १६ संघांच्या फेरीतच गारद होत राहिला.

मग २०१६ मध्ये ती गोष्ट घडली जिने माझ्या दृष्टीने सगळा युक्तिवाद मोडला. लेस्टर या लहान शहराच्या लेस्टर सिटी या, आर्सेनलच्या तुलनेत फारच कमी पैशांच्या संघाने लीग जिंकली. चेल्सी, सिटी, युनायटेड हे सगळे श्रीमंत त्या वर्षी अडखळले होते, वाट मोकळी होती, आणि आर्सेनल दुसरा आला. इतकी वर्षे ‘त्यांच्याकडे विहीर आहे, आपल्याकडे नाही’ असे सांगून मन समजावणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कोरडवाहू शेतकऱ्याने बाजी मारली.

संत्र्याच्या बुंध्यातून डिंक गळू लागला की आम्ही त्याला डिंक्या म्हणतो. मूळ आणि खोड सडवणारी ती बुरशी आहे. वरून पाहिले तर डिंक्याचे झाडही ताणावरच्या झाडासारखेच मलूल, पिवळसर दिसते. आणि फसवणारी गोष्ट अशी की मरू घातलेल्या झाडाला कधी कधी प्रचंड बहार येतो. फरक ओळखायचा तर पानांकडे पाहून भागत नाही, खाली वाकून बुंध्याची साल पाहावी लागते. आर्सेनलच्या चाहत्यांत २०१४ नंतर जे भांडण लागले ते नेमके याच गोष्टीवरून होते. एका गटाला तीन एफए कप म्हणजे ताण तुटल्यावरचा बहार वाटत होता, दुसऱ्याला तो डिंक्याच्या झाडाचा शेवटचा फुलोरा वाटत होता. भरवसा ठेवणारे मूर्ख आणि विरोध करणारे कृतघ्न, असे बाहेरचे लोक सहज बोलून जातात. पण दोघेही त्याच झाडाकडे पाहत होते आणि दोघांनाही ते जगायला हवे होते. २०१७ च्या १८ मार्चला वेस्ट ब्रॉमविचच्या मैदानावर सामना चालू असताना आकाशातून एकामागून एक दोन विमाने गेली. एकामागे वेंगरांना नवा करार देऊ नका अशा अर्थाचा फलक होता, दुसऱ्यामागे आमचा आर्सेनवर विश्वास आहे असे लिहिलेला. खाली संघ १-३ असा हरत होता. त्याच महिन्यात बायर्न म्युनिककडून दोन सामने मिळून १०-२ असा पराभव पदरी पडला होता.

मला विचाराल तर वेंगरांनी २०१४ चा कप हातात घेऊन त्याच मैदानावरून रजा घ्यायला हवी होती. कर्जाचा कठीण काळ त्यांनी निभावला होता, ज्या कारणासाठी लोक थांबले होते ते कारण संपले होते. पण भरवशाचे असे असते की तो एका कारणासाठी बसतो आणि कारण गेले तरी उठत नाही. पंचवीस वर्षांच्या चाहत्याने आयुष्यात दुसरा मॅनेजर पाहिलाच नव्हता. त्याच्यासाठी वेंगर जाणे म्हणजे माणूस बदलणे नव्हते; क्लब कसा असतो याची त्याची कल्पनाच त्यात जाणार होती. आमच्याकडे सेवा सहकारी सोसायटीत एकच अध्यक्ष वीस-वीस वर्षे निवडून येतो तेव्हाही मतदान करणाऱ्यांपैकी निम्म्यांना त्याचे कारण सांगता येत नाही, आणि ते सगळेच काही दबावाखाली नसतात.

२०१७ मध्ये संघ पाचवा आला, २० वर्षांची ती साखळी तुटली, तरी कप जिंकल्यावर दोन वर्षांचा करार झाला. त्यातले एकच वर्ष पुरे झाले. २० एप्रिल २०१८ ला वेंगरांनी जात असल्याचे जाहीर केले, संघ सहावा आला, आणि ६ मे रोजी बर्नलीविरुद्ध एमिरेट्सवर त्यांचा शेवटचा घरचा सामना झाला. त्या हंगामात त्याच मैदानातल्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या होत्या; त्या दिवशी ते भरले होते, आणि प्रत्येक खुर्चीवर त्यांचे आभार मानणारा लाल टी-शर्ट ठेवला होता. जे महिनाभरापूर्वी त्यांनी जावे म्हणत होते त्यांनीही तो अंगात घातला. आर्सेनल ५-० असा जिंकला. एकही सामना न हरलेल्या हंगामाची सोनेरी प्रतिकृती क्लबने त्यांना भेट दिली, आणि ते ध्वनिक्षेपकासमोर उभे राहिले.

आदल्या दिवशी फर्ग्युसन यांच्या मेंदूत रक्तस्राव होऊन त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली होती. ज्यांच्याशी वर्षानुवर्षे उभा दावा मांडला, ज्यांनी ८-२ ची धूळ चारली, ज्यांना स्वतःचा कर्णधार विकावा लागला, त्या माणसाच्या प्रकृतीसाठी सदिच्छा व्यक्त करून वेंगरांनी आपल्या निरोपाच्या भाषणाला सुरुवात केली. पुतण्याने ते भाषण विहिरीच्या कठड्यावर बसून पाहिले, आणि तेवढ्या वेळात पाणी वाफ्यातून फुटून शेजारच्या धुऱ्यापर्यंत गेले, म्हणून दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांनाही बोलणी खावी लागली.